प्रतीक्षायादी आणि आपले घर



अवयवदानावर कोणी बोलायला उभे राहिले की दधीची ऋषींची कथा हमखास निघते. देवांना वज्र हवे होते, दधीचींनी आपली हाडे दिली. कथा थोर आहे, पण आजच्या अवयवदानाशी तिचा मेळ एका जागी बसत नाही. दधीचींनी स्वतः ठरवले आणि स्वतःच दिले. आजच्या मृत दात्याला ते शक्य नसते. त्याच्या वतीने होकार द्यावा लागतो तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकोला, भावाला किंवा मुलाला, आणि तोही आयुष्यातल्या सर्वांत वाईट घटकेला.

आपल्याकडे अवयवांची गरज प्रचंड आणि उपलब्धता तोकडी आहे, हे आपण वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचतो. वाचून मनात येते की लोकांना दानाची बुद्धी नाही. मला तसे वाटत नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यात रक्तदानाच्या शिबिराला रांगा लागतात. मंदिराच्या जीर्णोद्धाराला आणि शाळेच्या खोलीला पैसा उभा राहतो. मग अवयवांच्या बाबतीतच गाडे कुठे अडते? ते चार ठिकाणी अडते : मृत्यूच्या जागी, रुग्णालयाच्या तयारीत, सरकारी यादीच्या रचनेत आणि घरातल्या मौनात. पहिल्या तीन जागी आपण फार तर मागणी करू शकतो. चौथी जागा मात्र पूर्णपणे आपली आहे.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात जो अंदाज दिला जातो, त्यानुसार देशात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार लोकांची मूत्रपिंडे निकामी होतात. यकृत बदलल्याने वाचू शकतील असे रुग्ण २५ ते ३० हजार आहेत. हृदय निकामी होणाऱ्यांची संख्या ५० हजारांच्या घरात जाते. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडदा बदलण्याची गरज वर्षाला सुमारे एक लाख लोकांना असते.

आता दुसरी बाजू पाहा. २०२३ या वर्षात देशभरात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांत मूत्रपिंडाची १३,४२६, यकृताची ४,४९१, हृदयाची २२१ आणि फुफ्फुसांची १९७ होती. उरलेली थोडी स्वादुपिंड आणि लहान आतड्याची. २०१३ मध्ये हा एकूण आकडा पाच हजारांच्या आत होता. म्हणजे दहा वर्षांत तो तिपटीहून अधिक झाला. प्रगती मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

पण याच आकड्याच्या पोटात दुसरी गोष्ट दडलेली आहे. २०२३ मध्ये संपूर्ण भारतात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते फक्त १,०९९. म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एक दातासुद्धा नाही. स्पेनमध्ये त्याच वर्षी हे प्रमाण दहा लाखांमागे ४८ हून अधिक होते. आपल्याकडच्या सहापैकी जवळजवळ पाच प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या अवयवांवर होतात. धडधाकट माणसाला शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपवून त्याचे एक मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा काढून घेतला जातो. हृदयाच्या बाबतीत अर्थातच जिवंत दाता असूच शकत नाही, म्हणून तिथे आकडा २२१ वर थांबतो.

तुटवड्याचा भार कोणावर पडतो

मृत दाते मिळत नाहीत तेव्हा रुग्ण काय करतो? तो घराकडे पाहतो. आणि घरात पुढे कोण येते?

२०२३ मधल्या सुमारे १५ हजार ४०० जिवंत दात्यांपैकी ९,७८४ स्त्रिया होत्या. बहुतेक वेळा ती रुग्णाची आई असते किंवा बायको. आता अवयव मिळाले कोणाला ते पाहू. राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीनुसार १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांना झाली आणि ६,९४५ स्त्रियांना. पाच अवयवांतले चार पुरुषाकडे गेले.

यामागे प्रत्येक घरात जबरदस्ती असते असे मी म्हणत नाही. आईने लेकासाठी मूत्रपिंड द्यावे यात तिचे प्रेम आहेच. कमावत्याला जपावे लागते हा हिशेबही घराघरांत केला जातो. तरीही प्रश्न उरतो. नवऱ्याला गरज पडली की बायकोच्या तपासण्या सुरू होतात. बायकोला गरज पडली की डायलिसिसच्या तारखा सुरू होतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास, यायचे-जायचे भाडे आणि बरोबर एक माणूस. वर्षामागून वर्षे हे चालते आणि एके दिवशी थांबते. तिचे नाव प्रतीक्षायादीत घालायचे राहून गेलेले असते.

मृत दात्यांची संख्या वाढवण्याची निकड मला सर्वांत जास्त इथे जाणवते. मृत्यूनंतरचे दान जितके वाढेल तितका जिवंत माणसावरचा, आणि त्यातही घरातल्या बाईवरचा, भार हलका होईल.

कायद्यातले 'जवळचे' आणि आपले जवळचे

१९८० च्या दशकात मुंबई, मद्रास, बेंगळुरू अशा शहरांत मूत्रपिंडांचा बाजार भरू लागला होता. गरीब माणूस कर्ज फेडायला मूत्रपिंड विकत असे. त्याला आळा घालण्यासाठी संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. सुरुवातीला तो ज्या राज्यांना लागू झाला ती तीनच होती : महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. इतर राज्यांनी तो पुढे स्वीकारला. २०११ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. आज अवयवांची खरेदी-विक्री केल्यास पाच ते दहा वर्षे कैद आणि २० लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्याने 'जवळचे नातेवाईक' कोण हे ठरवून दिले आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे. एवढेच. आपल्या घरातली नाती इथे संपत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. काका, मामा, आत्या, मावशी या यादीत नाहीत. चुलतभाऊ नाही, मेहुणा नाही, वहिनी नाही, सासूही नाही. एका चुलीवर वाढलेले चुलतभाऊ कायद्याच्या नजरेत परके ठरतात.

याचा अर्थ त्यांना अवयव देता येत नाही असा नाही. पण मग प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. प्रेमापोटी देतो, पैशासाठी नाही, हे कागदपत्रांनिशी आणि मुलाखतीत पटवावे लागते. दाता आणि रुग्ण वेगवेगळ्या राज्यांतले असतील तर ज्याच्या-त्याच्या राज्याकडून पडताळणी आणि ना-हरकत यांची भर पडते. आपल्या भागात हे नेहमीचे आहे. लेकी कागल, गडहिंग्लज, चंदगडला दिलेल्या आणि सुना तिकडून आलेल्या. निपाणीच्या भाच्याला कोल्हापूरच्या मामाने मूत्रपिंड द्यायचे ठरवले तर गाठ चाळीस किलोमीटरच्या रस्त्याशी पडत नाही, दोन राज्यांच्या कचेऱ्यांशी पडते. कायद्याची ही कडक बाजू विक्री रोखण्यासाठी आहे आणि ती आवश्यकही आहे. मात्र ती आधी माहीत असली तर घरातल्या माणसांची महिनोन्महिने धावपळ वाचते.

रक्तगट जुळत नसेल तर आणखी एक वाट आहे. दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायची. तुमची पत्नी त्यांच्या रुग्णाला देईल, त्यांची पत्नी तुम्हाला देईल. २०११ च्या दुरुस्तीने याला स्पष्ट मान्यता दिली आहे. अनेकांना ही सोय ठाऊकच नसते.

कोणता मृत्यू अवयव देऊ शकतो

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येऊ. पुष्कळ जण म्हणतात, "मी फॉर्म भरला आहे, मी गेल्यावर माझे सगळे अवयव घ्या." पण माणूस घरी, आपल्या अंथरुणावर गेला तर त्याचे हृदय, यकृत, मूत्रपिंड घेता येत नाही. रक्ताभिसरण थांबले की हे अवयव अल्पावधीत निरुपयोगी होतात. आपल्याकडे मृत दात्याकडून जे अवयव मिळतात ते जवळजवळ सगळे एका विशिष्ट मृत्यूनंतर : मेंदूमृत्यूनंतर, आणि तोही अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना.

मेंदूच्या तळाशी एक देठासारखा भाग असतो. श्वास आणि शुद्ध यांचे केंद्र तिथे आहे. अपघातात डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला तर हा देठ कायमचा निकामी होऊ शकतो. माणूस पुन्हा स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. हृदयाला मात्र स्वतःची लय असते. व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत असेपर्यंत ते काही काळ चालत राहते. म्हणून अंग गरम लागते, छाती वरखाली होते आणि पडद्यावर रेघ उमटत असते. नातेवाईक ते पाहतात आणि डॉक्टर म्हणतात, गेले. विश्वास कसा बसावा?

इथे कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक नीट समजून घ्यावा. कोमात मेंदूचा देठ जिवंत असतो, माणूस परत येऊ शकतो. मेंदूमृत्यूतून कोणी परत येत नाही. म्हणूनच कायद्याने तपासणी कडक ठेवली आहे. चार डॉक्टरांचे मंडळ लागते : रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, शासनमान्य यादीतले एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यचिकित्सक, आणि उपचार करणारे डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ नसतील तर भूलतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ अशांना नेमता येते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या मंडळात असू शकत नाही. बाहुल्यांवर प्रकाश टाकून, बुबुळाला स्पर्श करून, घशात नळी हलवून प्रतिसाद पाहतात. व्हेंटिलेटर काही मिनिटे थांबवून माणूस स्वतः श्वास घेतो का, हे तपासतात. हे सगळे निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावे लागते. दोन्ही वेळा उत्तर नाही असे आले तरच मृत्यू घोषित होतो.

एकूण मृत्यूंमध्ये असे मृत्यू फार थोडे असतात. त्यांतलेही सगळे ओळखले जात नाहीत. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली बरीच जागेवरच गेली असतील, कित्येकांचे अवयव वापरण्याजोगे राहिले नसतील. तरीही १,०९९ हा आकडा त्याच्या शेजारी ठेवला की मधली गळती डोळ्यांत भरते. आपल्या दारावरून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि निपाणीजवळचा तवंदी घाट आपण ओळखतो. तिथल्या अपघाताकडे अवयवांचा पुरवठा म्हणून पाहावे असे कोणीही म्हणणार नाही. आधी हेल्मेट, आधी वेगाला लगाम. पण अपघात झालाच आणि माणूस मेंदूमृत झालाच, तर पुढचा प्रश्न विचारणारे कोणी त्या रुग्णालयात असले पाहिजे.

प्रश्न विचारणारा माणूस

तो विचारणारा असला म्हणजे किती फरक पडतो, हे स्पेनने दाखवले. तिथे १९७९ पासून असा कायदा आहे की माणसाने जिवंतपणी नकार दिला नसेल तर त्याचा होकार गृहीत धरावा. पण केवळ कायद्याने आकडे हलले नाहीत. १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था स्थापन झाली तेव्हा प्रमाण दहा लाखांमागे १४ होते. संस्थेने रुग्णालयारुग्णालयात समन्वयक नेमले, बहुधा अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर. मेंदूमृत्यू वेळेवर ओळखणे आणि नातेवाइकांशी शांतपणे बोलणे हे त्यांचे काम. कायदा होकार गृहीत धरत असूनही ते कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. आज प्रमाण तिपटीहून अधिक आहे.

इतक्या लांबही जायला नको. २००८ मध्ये तमिळनाडूत एका डॉक्टर दांपत्याने अपघातात गेलेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले. त्या घटनेने राज्य हलले. पण त्या भावनेला सरकारने त्याच वर्षी आदेशांची जोड दिली. मेंदूमृत्यू घोषित करण्याची कार्यपद्धती घालून दिली आणि एक समान यादी तयार केली. २०२३ मध्ये मृत दात्यांच्या संख्येत तेलंगणा २५२ घेऊन पहिला होता. कर्नाटक आणि तमिळनाडू प्रत्येकी १७८ घेऊन त्यामागे होते आणि महाराष्ट्र १४८ वर. तेलंगणाची माणसे आपल्यापेक्षा अधिक उदार आहेत असे नाही. तिथे विचारले जाते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या भागातही हे घडू लागले आहे. बेळगावच्या केएलई संस्थेच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात मूत्रपिंडाबरोबर हृदयाचेही प्रत्यारोपण होते. जुलै २०२२ मध्ये धारवाडच्या एसडीएम रुग्णालयातून तिथे हृदय आणले गेले, पोलिसांनी महामार्ग मोकळा ठेवला. शरीराबाहेर काढलेले हृदय चार ते सहा तासांतच नव्या छातीत धडधडू लागले पाहिजे. यकृताला बारा तासांच्या आसपास मुदत असते, मूत्रपिंडाला एक-दीड दिवस. बेंगळुरू आपल्यापासून पाचशे किलोमीटर. म्हणून प्रत्यारोपण करणारे रुग्णालय जवळ असणे ही या भागासाठी केवळ सोय राहत नाही, हृदयाच्या रुग्णाला त्यावरच संधी मिळते किंवा हुकते. शिवाय जिथे प्रत्यारोपण होत नाही पण अतिदक्षता विभाग सुसज्ज आहे, अशा रुग्णालयालाही केवळ अवयव काढून घेण्यापुरती नोंदणी करता येते. तालुक्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांना आपण हे विचारायला हवे.

यादीवरची सीमा

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती इतरत्र कोणी समजावून सांगत नाही.

अवयव वाटपाची उतरंड ठरलेली आहे. दात्याचा अवयव साधारणपणे आधी त्याच रुग्णालयातल्या, मग त्या शहरातल्या किंवा विभागातल्या, मग राज्यातल्या रुग्णांना देऊ केला जातो. राज्यात कोणी जुळले नाही तर प्रादेशिक पातळीवर आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर. कर्नाटकात हे काम 'जीवसार्थकते' ही राज्यसंस्था पाहते. कोल्हापूर आणि सांगली पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येतात. पण गंमत पुढे आहे. प्रादेशिक पातळीवर कर्नाटक दक्षिण विभागात मोडते, त्याचे केंद्र चेन्नई. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागात, त्याचे केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय.

म्हणजे कागलच्या पुढे दूधगंगेच्या आसपास जी रेघ आहे, ती अवयवांच्या बाबतीत दोन राज्यांपुरती राहत नाही, ती दोन प्रदेशांमधली होते. बेळगावात मिळालेला अवयव नियमाने बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नईकडे आधी पाहील. सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या कोल्हापूरकडे त्यानंतर. उलट दिशेनेही तसेच. या रचनेत कोणाचा दुष्टपणा नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रुग्णाने नाव कुठे नोंदवावे हे ठरवताना याचा विचार झाला पाहिजे.

पूर्वी काही राज्ये रहिवासी दाखल्याशिवाय नाव नोंदवून घेत नसत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ही अट काढून टाकण्यास राज्यांना सांगितले. ६५ वर्षांवरील रुग्णांवर असलेले नोंदणीचे बंधन हटवले आणि नोंदणी शुल्क घेऊ नये असेही कळवले. त्यामुळे निपाणीचा रुग्ण बेळगावात, कोल्हापुरात किंवा पुण्यात, जिथे उपचार घेतो तिथे नाव नोंदवू शकतो. नाव नोंदवल्यावर मिळणारा ओळख-क्रमांक रुग्णालय बदलले तरी कायम राहतो. निर्णय घेताना भाषेची ओढ किंवा पाहुण्यांची सोय यांबरोबर हेही पाहा : निरोप आल्यावर दोन-तीन तासांत तुम्ही कुठे पोहोचू शकता? त्या रुग्णालयात मृत दात्यांकडून किती प्रत्यारोपणे होतात? आधीचे किती रुग्ण थांबले आहेत? हे प्रश्न रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला निःसंकोच विचारावेत.

देहदान, नेत्रदान, अवयवदान

आपल्याकडे हे तीन शब्द एकमेकांत मिसळतात आणि त्यामुळे चांगल्या इच्छाही वाया जातात.

देहदान वैद्यकीय शिक्षणासाठी असते. ते शरीररचनाशास्त्राच्या कायद्याखाली येते, महाराष्ट्रात १९४९ च्या आणि कर्नाटकात १९५७ च्या. त्याचे बेळगावातले उदाहरण देशभर गाजले. बैलहोंगलचे आयुर्वेदिक डॉक्टर बसवण्णेप्पा रामण्णवर नोव्हेंबर २००८ मध्ये वारले. देह विच्छेदनासाठी द्यावा आणि ते काम आपल्या मुलाने करावे, ही त्यांची इच्छा होती. मुलगा डॉ. महांतेश बेळगावच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवत होते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्यांनी विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचे विच्छेदन केले. या घटनेकडे मी एका कारणासाठी लक्ष वेधतो. वडिलांनी इच्छा स्पष्ट सांगून ठेवली होती, म्हणून मुलाचा हात चालला.

पण देहदानाने प्रतीक्षायादीतला एकही रुग्ण कमी होत नाही. अवयव काढल्यानंतर महाविद्यालये बहुधा तो देह स्वीकारत नाहीत. नेत्रदान केले असले तर चालते. तेव्हा इच्छा सांगताना क्रम लावून सांगावा : शक्य झाले तर अवयवदान, नाही तर नेत्रदान आणि देहदान.

नेत्रदान मात्र घरी झालेल्या मृत्यूनंतरही होते. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चष्मा, मधुमेह यांपैकी काहीही आड येत नाही. चेहरा विद्रूप होत नाही. एका माणसाचे डोळे दोघांना दृष्टी देतात. पुढच्या जन्मी आंधळा होईल, ही भीती अजून काही घरांत आहे. तिच्यावर वाद घालण्यापेक्षा गावातल्या ज्या घराने नेत्रदान केले त्या घरातल्या माणसाला बोलते करावे.

घरात काय करावे

एक, बोलावे. नोंदणीचा फॉर्म, कायद्यातला नमुना ७, भरणे चांगलेच आहे. तो आता आधारच्या साहाय्याने राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरही भरता येतो आणि १८००-११-४७७० या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. पण फॉर्म कपाटात आणि घरच्यांना पत्ता नाही, अशी स्थिती असली तर त्याचा उपयोग नाही. नमुना ८ वर सही घरच्यांची घेतली जाते आणि व्यवहारात ते नाही म्हणाले की डॉक्टर थांबतात. 'त्यांना काय आवडले असते?' या प्रश्नाचे उत्तर घरातल्या निदान दोघांना माहीत असू द्या.

दोन, मोठ्यांना सामील करून घ्यावे. आपल्या घरांत अशा वेळी निर्णय बायकोच्या हातात क्वचितच राहतो. गावाहून आलेले थोरले काका किंवा मेहुणे 'नको' म्हणतात आणि विषय संपतो. ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे त्याच्याशी आधी बोला.

तीन, शंका आधी फेडाव्यात. मेंदूमृत्यू घोषित होऊन संमती दिल्यानंतर दात्याची देखभाल आणि अवयव काढण्याचा खर्च त्याच्या घरच्यांवर पडत नाही. अपघाताचे प्रकरण असेल तर पोलिसांची ना-हरकत आणि शवविच्छेदन लागते. अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्याची मुभा नोव्हेंबर २०२१ पासून आहे. देह नीट शिवून परत मिळतो, दहन असो वा दफन, सगळे विधी करता येतात.

चार, आपले नाव यादीत चढू नये याचीही काळजी घ्यावी. मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह आणि रक्तदाब ही मुख्य कारणे आहेत. या दोहोंपैकी काही असेल तर वर्षातून एकदा लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासा. सांधेदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने आणून महिनोन्महिने खाऊ नका.

आणि घरातल्या बाईला मूत्रपिंडाचा आजार असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा : तिचे नाव यादीत घातले आहे का? नसेल तर पुढच्या डायलिसिसच्या दिवशी समन्वयकाला भेटूनच घरी या.